दिवसातून तीनदा कोण फिरवतं? सौर कृषी पंप योजना राबवणाऱ्या साहेबांना खुलं पत्र

प्रति,
सौर कृषी पंपांचे निकष ठरवणारे, निविदा काढणारे आणि योजना राबवणारे सर्व अधिकारी,
तसेच त्यांच्या वतीने आमच्या शेतात पंप बसवणाऱ्या कंपन्या

विषय: सोलरच्या प्लेटा आपोआप फिरवण्याची सोय, आणि ती स्वतः केली म्हणून गेलेली हमी

स.न.वि.वि.

मागच्या पंधरवड्यात माझ्या दुसऱ्या अर्जाचं उत्तर आलं. पाकीट मोठं, आत मजकूर दोन ओळींचा. लाभार्थ्याने मूळ संरचनेत परस्पर बदल केला आहे, स्वयंचलित यंत्रणा बसवण्यास परवानगी देण्याची तरतूद नाही, सबब अर्ज निकाली काढण्यात येत आहे. 'निकाली' ऐकून सासूबाईंनी विचारलं, "म्हंजे आपल्या बाजूनं लागला का?" कुस्ती निकाली होते तेव्हा निदान कोण चीत झालं ते सगळ्यांना दिसतं. इथे अर्ज कुठे आणि कुणी वाचला हेही कळलं नाही. म्हणून यावेळी पाकिटात न घालता उघडंच लिहिते आहे.

आमची चार एकर जमीन अंबड तालुक्यात. त्यातली तीन एकर मोसंबी, वीस बाय वीसवर, तीनशेवीस झाडं. २०१२-१३ च्या दुष्काळात आधीची बाग उभी वाळली होती; जालना जिल्ह्यात त्या साली ज्यांनी कुऱ्हाड लावली त्यांत आम्हीही होतो. ही दुसरी बाग. आमचे हे वाळूजला कंपनीत आहेत, आठवड्यातून एकदा येतात. शेत मी पाहते. सातबारा त्यांच्या नावावर, अर्ज त्यांच्या नावाने, पंप बसवून झाल्यावर 'प्रशिक्षण दिले' या कागदावर सहीही त्यांचीच. प्लेटा फिरवायच्या दांड्यावर हात मात्र माझा. माझी सगळी तक्रार या दांड्याची आहे.

आधी एक कबूल करते. सोलर नको असं म्हणणाऱ्यांतली मी नाही. रात्रीच्या लाईटच्या पाळीला बॅटरी घेऊन बांधावरून चालत जायचं, फ्यूज टाकायचा, परत येईपर्यंत लाईट गेलेली असायची, आणि वाटेत काय आडवं येईल याचा नेम नाही. फेब्रुवारी २०२२ मध्ये कुसुम योजनेतून पाच एचपीचा पंप बसला, आम्ही आमचा दहा टक्के हिस्सा भरला, आणि त्या महिन्यापासून मी रात्री झोपते. याबद्दल सरकारचे मनापासून आभार. पण दिवसा मिळणारं पाणी नेमकं किती, हे ठरवणारी गोष्ट तुम्ही कागदावर एका ओळीत उरकली आहे, आणि त्या ओळीचं ओझं माझ्या मनगटावर आहे.

ती ओळ कुठली ते सांगते. केंद्राच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाचे सौर पंपांचे निकष आहेत. माझ्या मुलाने ते उतरवून मला वाचून दाखवले. कोणत्या पंपाने दिवसाला किती लिटर पाणी द्यायला हवं, त्याचा त्यात तक्ता आहे. दहा मीटर उंचीवर एसी पंपाला प्लेटांच्या प्रत्येक वॉटमागे ९० लिटर, डीसीला १०० लिटर, असा. तक्त्याबरोबरची अट अशी की हे आकडे निरभ्र दिवसाचे, प्लेटांवर चौरस मीटरला ७.१५ युनिट ऊन पडेल तेव्हाचे, आणि प्लेटा दिवसातून तीन वेळा फिरवल्या तरचे. पुढे असंही लिहिलं आहे की पंपाची कामगिरी वाढवण्यासाठी ट्रॅकिंग, म्हणजे प्लेटा सूर्यामागे फिरवणं, वापरावं: हाताने, पॅसिव्ह (मोटारीशिवाय आपसूक) किंवा ऑटो (मोटारीने आपोआप). हाताने असेल तर ऋतूप्रमाणे कल बदलण्याची आणि दिवसातून तीनदा फिरवण्याची सोय द्यावी.

म्हणजे पर्याय होते. आमच्या शेतात पोचेपर्यंत त्यांतला सगळ्यात स्वस्त तेवढा शिल्लक राहिला. आणि कंपनीने ज्या पाण्याची हमी दिली, ते पाणी कुणीतरी रोज तीनदा शेतात जाऊन तीन स्टँड फिरवेल यावर उभं आहे. त्या कुणीतरीची मजुरी ना तुमच्या अंदाजपत्रकात, ना कंपनीच्या.

आमच्याकडे ३३५ वॉटच्या पंधरा प्लेटा आहेत, पाच-पाचचे तीन स्टँड. एका स्टँडवर प्लेटांचंच वजन शंभर किलोंच्या वर. मधल्या खांबावर तो सांगाडा झुलतो. खाली लोंबणारी एक पट्टी, तिला तीन भोकं: पूर्व, मध्य, पश्चिम. पट्टीत खिळ घातली की सांगाडा थांबतो. सकाळी पूर्वेला, साडेअकराच्या सुमारास मध्ये, दीड-दोनला पश्चिमेला, आणि संध्याकाळी परत पूर्वेला आणून ठेवायचं. एका हाताने दांडा दाबून धरायचा, दुसऱ्या हाताने खिळ काढायची, सांगाडा कलला की भोकं जुळवायची आणि खिळ परत ठोकायची. बसवणारा पोरगा सहा फुटी होता, त्याला दांडा छातीशी येत होता. मला तो डोक्यावर येतो. मी खाली खताची पाटी पालथी घालून तिच्यावर उभी राहते.

आता एखादा दिवस चुकला तर काय होतं? पृथ्वी तासाला पंधरा अंश फिरते, हे शाळेत आपण सगळ्यांनीच पाठ केलंय. प्लेटा सकाळी पूर्वेला ४५ अंशांत ठेवल्या आणि मी दवाखान्यात, लग्नात किंवा बाजाराला गेले, तर सूर्य डोक्यावर येईपर्यंत ऊन तिरपं होऊन सत्तर टक्क्यांवर येतं. त्यानंतर दोन तासांत पाव राहतं, तिसऱ्या तासाला प्लेटांची पाठच सूर्याकडे. आमच्याकडे पूर्वी सूर्यफूल व्हायचं. कोवळं असताना ते सूर्यामागे मान वळवतं, आणि पक्व झालं की पूर्वेला तोंड करून कायमचं थांबतं. शेजारचे अण्णा आमच्या प्लेटा बघून म्हणायचे, "वहिनी, तुमचं सोलर म्हातारं झालं."

ऊन निम्मं झालं म्हणून पाणी निम्मं झालं असंही नसतं, आणि हे टेबलामागच्या माणसाला पटकन कळत नाही. मोटारीला मिळणारी वीज निम्म्यावर आली की तिचा वेग साधारण ८० टक्क्यांवर येतो. पण पाणी उचलण्याची उंची वेगाच्या वर्गाने घटते, म्हणजे ६४ टक्क्यांवर. पूर्ण वेगात जो पंप ५० मीटर चढवतो तो मग ३२ मीटरलाच दमतो. माझ्या विहिरीत उन्हाळ्यात पाणी वीस मीटरवर, ठिबकला एक किलोचा दाब म्हणजे आणखी दहा मीटर, वरून फिल्टर आणि पाइप. पस्तीस झाले. मोटार फिरत असते, आवाज येत असतो, कंट्रोलरचा, म्हणजे प्लेटांची वीज मोटारीला देणाऱ्या पेटीचा, हिरवा दिवा लागलेला असतो, आणि शेवटच्या ओळीतल्या झाडाखालचा ड्रिपर कोरडा. कागदोपत्री मात्र पंप 'कार्यान्वित'.

ऋतूचं वेगळंच. आमचा अक्षांश साडेएकोणीसच्या आसपास. डिसेंबरअखेरीस भर दुपारी सूर्य इतका दक्षिणेला असतो की प्लेटा ४३ अंश कललेल्या हव्यात. जूनमध्ये तोच सूर्य डोक्यावरून चार अंश उत्तरेला गेलेला असतो. आंबिया बहर, म्हणजे जानेवारी-फेब्रुवारीतली फुलं, धरणाऱ्याला याचा अर्थ सांगायला नको. डिसेंबरात बाग ताणावर असते, म्हणजे तिचं पाणी तोडलेलं असतं. जानेवारीत ताण तोडायचा, आधी आंबवणीचं हलकं पाणी, मग चिंबवणीचं त्याहून जास्त, मग पूर्ण पाणी. ज्या महिन्यात झाडाला वेळेवर आणि मोजून पाणी हवं, त्याच महिन्यात दिवस लहान आणि सूर्य खाली. कल बदलायला २४ नंबरचे दोन पाने, दोन माणसं आणि शिडी लागते. बसवणाऱ्यांनी बोल्ट एकदाच आवळला, वीस अंशांवर. पहिल्या पावसाळ्यानंतर तो इतका गंजला की गॅरेजवाल्याला बोलवावं लागलं. पाने तर आमच्या संचात आलेच नव्हते.

मग एप्रिल २०२२. दुपारी साडेतीनला पश्चिमेकडून धुळीची भिंत उठली. वळवाच्या आधी येतो तो वारा तुम्हाला माहीत असेल. प्लेटा पश्चिमेलाच तोंड करून होत्या. एका स्टँडचं क्षेत्रफळ साधारण पावणेदहा चौरस मीटर. ताशी ६० किलोमीटरचा वारा एवढ्या फळीवर समोरून आला तर रेटा दीडशे किलोंच्या वर जातो. तुमच्या निकषात ताशी १५० किलोमीटरचा वारा सोसणारा सांगाडा हवा असं लिहिलेलं आहे; सांगाडा सोसेलही, पण खिळेचं काय? दोन महिन्यांच्या काढ-घालीत भोक लांबट झालं होतं. दोन स्टँड मी आडवे केले. तिसऱ्याची खिळ निम्मी काढली आणि सांगाडा माझ्या हातातून सुटला. दांडा उलटा येऊन उजव्या मनगटावर बसला. प्लेटांना ओरखडाही नाही. माझा हात सहा आठवडे प्लास्टरमध्ये. त्या सहा आठवड्यांत प्लेटा मध्यावरच राहिल्या, आणि नेमकी एप्रिल-मेची तहान. खालच्या अंगाच्या साठेक झाडांना मी घागरीने पाणी घातलं असं म्हणणार नाही, हातच नव्हता. सासूबाईंनी घातलं. त्या पंच्याहत्तरच्या आहेत.

माझा मुलगा तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सला आहे. दिवाळीच्या सुट्टीत आला आणि म्हणाला, "आई, या दांड्याच्या जागी मोटार लावू." जुन्या मोठ्या डिश अँटेना फिरवायला जी लांब-आखूड होणारी मोटार यायची, तसली चोवीस व्होल्टची नवी मोटार, प्रत्येक स्टँडला एक. गावातल्या वेल्डरने पट्टीच्या जागी ब्रॅकेट बसवलं. मूळ खांबाला एकही भोक पाडलं नाही, सगळं क्लॅम्पवर. हे मुद्दाम सांगते, कारण पुढे याच गोष्टीवर सगळं फिरलं.

पहिला प्रयोग फसला. दोन छोटे प्रकाश मोजणारे सेन्सर, मध्ये आडवी पट्टी. ज्याच्यावर सावली पडेल त्याच्या उलट बाजूला वळायचं. ढग आला की प्लेटा वेड्यासारख्या इकडून तिकडे. एका सकाळी तर एका सेन्सरवर कावळ्याने प्रसाद दिला आणि तिन्ही स्टँड सूर्याकडे पाठ करून उभे. मग त्याने सेन्सर काढून टाकले. घड्याळाची एक चिप, तारीख, आमचा अक्षांश आणि रेखांश एवढ्यावर सूर्य कुठे असेल याचं गणित घातलं. सूर्य वेळ पाळतो, त्याला सेन्सरने शोधायची गरज नाही. तरी पहिल्या आठवड्यात प्लेटा सूर्याच्या पुढेच पळत होत्या. कारण आपलं घड्याळ साडेब्याऐंशी रेखांशाचं आणि अंबड शहात्तरच्या जरासं अलीकडे. सूर्य आमच्या डोक्यावर बाराला येत नाही, सरासरी २७ मिनिटं उशिरा येतो. ही गोष्ट माझ्या सासऱ्यांना काठीच्या सावलीवरून माहीत होती, पोराला प्रोग्राम चुकल्यावर कळली.

मोटारींना स्वतःची वेगळी वीस वॉटची प्लेट आणि दोन छोट्या बॅटऱ्या. दर पंधरा मिनिटांनी सांगाडा जरासा सरकतो. तिन्ही मोटारी मिळून दिवसाला ९ वॉटचा दिवा तीन तास जळेल एवढी वीजही खात नाहीत. वारा मोजायला तीन प्लास्टिकच्या वाट्यांचं भिंगरं, ते ठरावीक वेगाच्या वर फिरलं की तिन्ही स्टँड आपोआप आडवे. २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा तसंच वादळ आलं तेव्हा मी घरात होते. खिडकीतून पाहिलं, प्लेटा एकेक करून जेवणाच्या ताटासारख्या सपाट झाल्या. मला रडू आलं हे पत्रात लिहायचं की नाही, यावर घरात मतभेद झाले.

खर्च सगळा मिळून तेवीस हजार. फायदा काय झाला? माझं मोजमाप प्रयोगशाळेचं नाही, वॉल्व्हचं आहे. बागेचे चार भाग, चार वॉल्व्ह. जानेवारीत प्लेटा मध्यावर बांधून ठेवल्या त्या दिवशी तीन वॉल्व्ह पूर्ण झाले आणि चौथा अर्धवट राहिला. दुसऱ्या दिवशी, तसंच निरभ्र आकाश, यंत्र चालू ठेवलं, तर चारही होऊन वर हौद भरला. पूर्व-पश्चिम फिरणाऱ्या प्लेटा स्थिर प्लेटांपेक्षा साधारण १५ ते २५ टक्के जास्त वीज देतात, हे या क्षेत्रातल्या कुणालाही विचारा. मोठ्या सौर प्रकल्पांत कंपन्या स्वतःच्या पैशाने लांबच लांब फिरत्या रांगा बसवतात. त्यांना परवडतं ते आम्हाला वर्ज्य कसं?

जुलै २०२३ मध्ये वीज कडाडली आणि पंपाचा कंट्रोलर गेला. पाच वर्षांची हमी आणि विमा आहे म्हणून निश्चिंत होतो. कंपनीचा माणूस नवव्या दिवशी आला. कंट्रोलर त्याने उघडलाही नाही. आधी मोटारींचे फोटो काढले, मग म्हणाला, "काकू, हे बाहेरचं लावलंय ना, आता क्लेम बसत नाही." मी म्हटलं, या मोटारींची वायर तुमच्या वायरीला कुठे शिवते ते दाखव. त्याने दाखवलं नाही, कारण शिवतच नाही. "मला वरून सांगितलंय," एवढंच. पोरगा वाईट नव्हता, चहा घेऊन गेला. त्याला दिवसाला सहा गावं करायची असतात.

त्यानंतरचा ऑगस्ट आठवतो का तुम्हाला? १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट. फळं लिंबाएवढी होऊन पुढे गेलेली, पावसाचा खंड, विहिरीत पाणी आणि पंप बंद. फळगळ सुरू झाली ती थांबेना. सकाळी झाडाखाली हिरवा सडा. शेवटी व्याजाने पैसे काढून बाहेरून कंट्रोलर आणला, सत्तेचाळीस दिवसांनी. तो आणला म्हणून हमी आणखी गेली, हे ओघानेच.

आता माझ्या तक्रारी मुद्द्याने मांडते, म्हणजे पुढचं उत्तर दोन ओळींत बसणार नाही.

पहिली, आणि बाकीच्या सगळ्या तिच्यातूनच निघतात. पाण्याचा आकडा तुम्ही फिरणाऱ्या प्लेटांचा लावता आणि वस्तू देता ती न फिरणारी किंवा जेमतेम फिरणारी. गावात यंदा 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून नवे पंप बसले. त्यांतल्या दोन ठिकाणी दांडाच आलेला नाही, एका ठिकाणी आहे पण खिळ नाही म्हणून तारेने बांधलंय. त्या शेतकऱ्यांना फिरवायचं असतं हेच कुणी सांगितलेलं नाही. त्यांना वाटतं सोलरचं पाणी दुपारनंतर कमीच येतं, ऊन उतरतं ना.

दुसरी. प्रत्येक पंपाच्या कंट्रोलरमध्ये माहिती वर पाठवणारी यंत्रणा बसवलेली असते. माझा पंप किती वाजता सुरू झाला, किती वाजता थांबला, किती वीज झाली, हे सगळं कुठल्यातरी सर्व्हरवर आहे. एखाद्या शेतातला पंप रोज दीडलाच मान टाकतो हे तुम्हाला तिथे बसून दिसतं. चार वर्षांत त्यावरून एकही फोन आला नाही. आलेख सपाट का झाला हे विचारायला नको होतं का? माझ्या शेताची ही माहिती मलाच बघायला मिळत नाही, हे तर त्याहून अजब.

तिसरी: शिकवता कुणाला? ज्याच्या नावावर सातबारा त्याला. फिरवणारी बाई त्या दिवशी चहा करत असते.

चौथी तक्रार हमीबद्दल. ट्रॅक्टरला मागे कुठलं अवजार जोडलं म्हणून इंजिनाची हमी जात नाही. मोटारींनी सांगाडा मोडला असता तर सांगाड्याची हमी नाकारा, मी एक शब्द बोलणार नाही. पण सांगाड्यावर क्लॅम्प आहे म्हणून विजेने जळलेला कंट्रोलर नाकारायचा, हा कुठला न्याय? आणि ज्या निकषांत ऑटो ट्रॅकिंग शब्द छापलेला आहे, त्याच योजनेत 'तरतूद नाही' असं उत्तर कसं निघतं?

तुमच्या बाजूचं म्हणणं मला माहीत आहे, थोडं पटतंही. हलणारी वस्तू बिघडते. आमचीही बिघडली. पहिल्याच पावसाळ्यात एका मोटारीत पाणी शिरलं; मग ती उलटी बसवली आणि दांड्याला बुलेटच्या पुढच्या शॉकअपचं रबर चढवलं, तेव्हापासून कोरडी आहे. उंदरांनी वायर दोनदा कुरतडली. लाखो पंपांना असलं काही लावलं तर तक्रारी सांभाळायच्या कुणी, हा प्रश्न खरा आहे. शिवाय सगळ्यांना त्याची गरजही नाही. ज्याची विहीर उथळ आहे, घरात दोन तरणी माणसं आहेत, पीक हंगामी आहे, त्याला चांगला दांडा पुरे. ऋतूप्रमाणे कल बदलण्याचा फायदा तर चार-पाच टक्क्यांचाच, त्यासाठी मोटार लावा असं मी म्हणणार नाही; वर्षातून चार वेळा पाना मारला की झालं. माझा मुलगा याबाबतीत माझ्याशी भांडतो, त्याला दोन्ही बाजूंनी फिरणारं करायचंय. पोरांचं तसंच असतं.

म्हणून मागणी सरसकट नाही. ती अशी.

पाच एचपी आणि त्यावरच्या पंपांना, किंवा पाणी खोल असेल तिथे, पूर्व-पश्चिम आपोआप फिरणारा सांगाडा निविदेत पर्याय म्हणून ठेवा. त्याचा वाढीव खर्च उघड लिहा. दहा टक्क्यांच्या वर काही भरावं लागलं तर भरायचं की नाही ते शेतकऱ्याला ठरवू द्या. अर्जात जशी एचपीची निवड असते तशी ही निवड असावी. यंत्रणेत वारा वाढला की आडवं होण्याची सोय सक्तीची करा, आणि लाईट-बॅटरी गेली तर हाताने फिरवता येईल असा दांडाही तिच्यात असू द्या.

ज्यांनी स्वतः बसवलंय किंवा बसवायचंय त्यांच्यासाठी एक पानाचा नियम काढा: मूळ सांगाड्याला भोक नाही, वेल्डिंग नाही, पंपाच्या वायरिंगला हात नाही, एवढं पाळलं तर प्लेटा, पंप आणि कंट्रोलरची हमी व विमा कायम. तपासायला तालुक्याला एक माणूस पुरेल. जिल्ह्यातल्या तंत्रनिकेतनांना आणि आयटीआयला हे काम प्रकल्प म्हणून द्या. गावोगावी वेल्डर आहेत, शिकलेली पोरं आहेत. त्यांना जे जमतं त्याला 'परस्पर बदल' म्हणू नका.

हाताचा दांडाच द्यायचा असेल तर तो कमरेच्या उंचीवर द्या. खिळ साखळीने बांधलेली असावी, म्हणजे हरवत नाही. दोन पाने संचात हवेत. कल बदलायच्या पट्टीवर अंशांऐवजी महिने कोरा, पौष-माघ लिहिलंत तरी चालेल, आम्हाला जास्त लवकर कळेल.

पंप ताब्यात देताना प्लेटा तिन्ही स्थितींत फिरवून पाणी मोजून दाखवा, आणि जो रोज फिरवणार त्याची, म्हणजे बहुतेक वेळा जी रोज फिरवणार तिची, सही घ्या. सर्व्हरवरची माहिती शेतकऱ्याच्या मोबाइलवर मराठीत दिसू द्या.

आणि माझा क्लेम पुन्हा उघडा. जळालेला कंट्रोलर मी टाकलेला नाही, पोत्यात बांधून माळ्यावर ठेवलाय. कुठल्याही तज्ज्ञाला पाठवा, त्याने उघडून सांगावं की हा मोटारींनी जळाला की आभाळातल्या विजेने. मोटारींनी जळाला असं निघालं तर हे पत्र मागे घेते, जिथे छापलं तिथेच.

तपासायला याल तेव्हा दुपारी दीडच्या सुमाराला या. दुसरा अर्ज करताना तुमच्या खिडकीवर सांगितलं होतं की आधी मूळ स्थिती पूर्ववत करा, म्हणून मोटारी काढून ठेवल्यात. पट्ट्या परत लावल्यात, खिळा परत घातल्यात. उन्हात या, टोपी आणा. खताची पाटी स्टँडखालीच असते.

आपली,
अंबड तालुक्यातील एक मोसंबी उत्पादक
(नाव आणि गट क्रमांक तुमच्या निकाली काढलेल्या अर्जावर आहेत.)